पट्टीचं दुसरं टोक

धनश्रीच्या घशाखाली कालपासून घास उतरत नव्हता, आणि त्याला कारण होतं निव्वळ आनंद. पुण्याच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं घासल्यावर तिच्या आलेखात बरोबर शून्य व्होल्टवर एक शिखर उगवलं होतं. तिचे मार्गदर्शक सर आज पाच वाजता शोधनिबंध पाठवणार होते आणि त्यावर पहिलं नाव तिचं होतं. सुट्टीला पाथर्डीकडच्या आपल्या गावी आलेली ही बाई लॅपटॉप कडेवर घेऊन घरभर नाचत होती.

"येवढं काय घावलंय गं तुला?" तूर निवडता निवडता तिच्या आईनं, दगडाबाईंनी, विचारलं.

"अगं, केसाहून बारीक पट्टी असते. वीज तिच्या आतून जात नाही, वरच्या सालीतून धावते. तिच्यावर अतिवाहक, म्हणजे थंडीत वीज बिनअडथळा वाहू देणारा, धातू चढवायचा, भयंकर थंड करायची, चुंबक लावायचा. मग इलेक्ट्रॉनचे जणू दोन अर्धे होतात. एक या टोकाला अडकून बसतो, एक त्या टोकाला. मला त्यातला एक दिसला!"

"येकच?"

"एक पुरे की!"

"पुरं कसं?" दगडाबाईंचे हात थांबले. "मुकादम येकट्याला बघून अख्खा कोयता लिहीत न्हाई. म्हनतो, दुसरा अर्धा मोरं उभा कर."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला तशा दगडाबाई अर्ध्या झाल्या, आणि भाऊ बिभीषण शेजारी उभा राहिला तेव्हा कुठं त्यांना टोळीत घेतलं.

धनश्री हसायला गेली आणि तिनं लॅपटॉपवरचा आलेख पुन्हा उघडला. तिनं फक्त डावं टोक पाहिलं होतं! पट्टीत एखादा दोष असला तरी एका टोकाला असलं खोटं शिखर उगवतं, हे नव्या पोरांना शिकवायची तीच. निबंध खोटा निघाला तर तीन वर्षं पाण्यात, आणि वर नाव हिचंच. चार वाजून गेले होते.

रेंज फक्त गच्चीवर. ती धावत वर गेली आणि प्रयोगशाळेतल्या कानिफनाथला फोन लावला. उजवं टोक त्यानं मोजलं होतं, पण आलेखात खरखर फार म्हणून ती फाइल कोणी उघडलीच नव्हती.

"पाठव! आत्ताच्या आत्ता!"

फाइल उतरली. चुंबकाचं बळ वाढेल तशी एकेक रेघ उमटू लागली. सपाट. पुन्हा सपाट. "मेले मी," ती पुटपुटली. आणि डावीकडे ज्या बळावर शिखर उगवलं होतं, नेमक्या त्याच बळावर खरखरीतून उजवीकडेही एक वर आलं. मावळलंही डाव्याच्या सोबतीनं. धनश्री अशी किंचाळली की शेजारच्या बनुबाई हातातलं भांडं टाकून अंगणात आल्या.

"सिद्ध झालं असं अजून म्हणायचं नाही," तिनं लावलेल्या फोनवर सगळं ऐकून सर म्हणाले, पण आवाज त्यांचाही चढला होता. "मात्र आता दोन्ही टोकं घातल्याशिवाय पाठवायचं नाही. कोणाच्या डोक्यातून आलं हे?"

"आईच्या!"

दोन-दोन पायऱ्या गाळत ती खाली आली. "आई, दोघं बरोबर उगवतात, बरोबर मावळतात!"

"आन् मधी?"

"मधे काहीच नाही."

"येवढं लांब ऱ्हाऊन येकच?"

"एकच."

दगडाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"व्हय, असतं तसं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्सं झाली, मला ठावं हाय."