आकाशातल्या दगडाची पालवी

कुंभारीच्या समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. नभनाथ महाराजांनी काचेच्या बरणीतल्या तीर्थात दगडाचा चुरा सोडला आणि तळातून निळे-हिरवे कोंब वर सरकू लागले. लोकांनी 'चांगभलं'चा गजर केला.

"उल्का हाय ही!" महाराज गरजले. "शास्त्रज्ञबी म्हणत्यात, जीव आकाशातून आला. आला का न्हाय? ह्या तीर्थानं वांझ कूसबी उजवती!"

माझी शेजारीण शरणम्मा सुनेला पुढे ढकलत होती. महेश्वरीच्या लग्नाला सात वर्षं झालेली. दवाखान्यातल्या गोळ्या सासूने कालच काढून घेतल्या होत्या. आता वाटीभर तीर्थ प्यायचं होतं.

"तीर्थ आधी म्हाताऱ्या माणसाला देत्यात की," म्हणत मी तळवा पुढे केला.

थेंब पडले आणि बोटं बुळबुळली. मी एकदम पन्नास वर्षं मागे गेले. रंगाच्या कारखान्यात सूत पांढरं करायच्या हौदात सिलिकेट नावाचं रसायन घालत, तेव्हा हात असेच बुळबुळायचे. वाळल्यावर काचेसारखी खपली धरायची. "आपले काचेचे मोजे," माझ्या जोडीला काम करणारी चंद्रव्वा हसायची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पोरी बाटलीभर सिलिकेटात हिराकशीचे खडे टाकून अशीच कोंबांची बाग लावायचो!

मी तळवा पदराला पुसला आणि गर्दीतल्या डाळिंबवाल्या महिपतीला हाक मारली. "महिपती, डाळिंबावर फवारायचं मोरचूद हाय का गाडीत?"

"हाय की, मावशी."

त्याने आणलेला खडा मी बरणीत टाकला. सगळे माना उंचावून बघत राहिले. जरा वेळाने निळा कोंब निघाला.

"महाराज, माझी उल्का खताच्या दुकानात मिळती. किलोनं!"

"मोरचुदातबी आकाशतत्त्व असतंय, बाई!"

महेश्वरीने हातातली वाटी त्यांच्यापुढे धरली. "मग आधी तुमी प्या की."

"माझा आज निर्जळी उपास हाय."

मग जो हशा उठला, त्यात महाराजांनी झोळी कधी आवरली कळलंच नाही.

आमच्या कारखान्यातल्या केमिस्टने सांगितलेलं मी सगळ्यांना सांगितलं. खड्याभोवती पातळ पापुद्रा धरतो, आत पाणी शिरून तो फुटतो, पुन्हा धरतो. तसा कोंब वाढतो. त्यात जीव नसतो. उलट हे तीर्थ म्हणजे सिलिकेटचं पाणी, प्यायलं तर घसा-पोट भाजेल. जीव घडायला लागणारी काही रसायनं उल्कांमध्ये सापडलीत, हे खरं. पण ते झालं सूत. सूत म्हणजे चादर नव्हे. ती विणायला पृथ्वीला कोट्यवधी वर्षं लागली. घटकाभरात विणून दाखवणारा भेटला, तर आधी त्याचा माग तपासा.

शरणम्माने कमरेच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि सुनेच्या हातात ठेवलं.

"आणि उद्या दवाखान्यात पोरालाबी धाड," मी शरणम्माला म्हटलं. "तपासणी दोघांची असती."