प्रार्थनेची आणि रागाची एकच घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी हातघंटा आहे आणि तुमच्यासमोर बोलायची मला लाज वाटते. ज्या कारागिराने मला ओतले, तो मला कानाशी वाजवून म्हणाला होता, "आवाज गोड आहे. देवाच्या कामाला लावा हिला." त्या शब्दांचा मला फार दिवस तोरा होता.

मी मुलांना धर्म शिकवणाऱ्या एका बाईंकडे आले. आठवड्यातून एकदा वर्ग भरे. बाई मला एकदाच हलवत आणि मुले प्रार्थनेसाठी डोळे मिटत. पालक दारातून बघत आणि कौतुक करत. मी फुशारून जाई.

पुढे मुले वाढली, गोंगाट वाढला. बाईंचा घसा बसू लागला. एके दिवशी दंगा थांबवायला त्यांनी मलाच वाजवले. वर्ग चिडीचूप झाला. मग काय, कुजबुजीला मी, हसण्याला मी, पडलेल्या पेन्सिलीलाही मीच! मी वाजले की कोणाला तरी बाहेर जावे लागे. प्रार्थनेलाही मीच वाजत होते, हे बाईंच्या ध्यानात आले नाही. मला मात्र कळत होते आणि तरी वाजण्यात मला मजा येत होती.

वर्गात एक मुलगी होती. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. एकदा बाईंनी विचारले, "घंटा वाजली की तुमच्या मनात काय येतं?"

भिंगरी पटकन म्हणाली, "आता कोण बाहेर जाणार?"

वर्ग खो खो हसला. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी मला खणखणून वाजवले आणि दाराकडे बोट दाखवले. भिंगरी बाहेर गेली. पोरीने खरे तेच सांगितले होते आणि मी ते लगेच खरे करून दाखवले. त्या दिवशी प्रार्थना क्षमेची होती.

पुढचे दोन आठवडे ती आली नाही. तेव्हा बाई मला पिशवीत घालून तिच्या घरी गेल्या. दारात तिची आई अवघडून म्हणाली, "काय सांगू बाई, ती म्हणते, मला देव नको. तो बाईंचा आहे."

बाई तिथेच पायरीवर बसल्या. भिंगरी आईच्या मागे उभी होती. बाई तिला म्हणाल्या, "तू खरं बोललीस आणि मी तुला बाहेर काढलं. चुकलं माझं. ही घंटा आता तुझ्याकडे ठेव. फक्त प्रार्थनेला वाजवायची."

भिंगरीने मला घेतले, पण माझा लोलक मुठीत गच्च धरून ठेवला. "आणि दंगा झाला तर?" तिने विचारले.

"तर मी जवळ जाऊन विचारीन, काय झालं म्हणून."

भिंगरी परत आली. सगळे बसेपर्यंत थांबून तिने मला एकदाच, अगदी हळू वाजवले. कारागिराने ऐकलेला तो गोड आवाज कितीतरी वर्षांनी माझ्यातून निघाला. तरीही मागच्या बाकावरच्या एका मुलाने दचकून कानांवर हात ठेवले.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणाला तरी शिकवाल. ज्या आवाजाने मुलांना जवळ बोलवाल, त्याच आवाजाने त्यांना हाकलू नका. तो मुलगा अजून कानांवर हात ठेवतो. भिंगरी दर वर्गाला मला आणखी हळू वाजवते आणि त्याच्याकडे बघत राहते.