जोव्हानीच्या हाताला मी लहान पडलो

मी एक जुना माऊस आहे. जुना म्हणजे चार वर्षांचा, पण आमच्या जातीत एवढ्यात आजोबा म्हणतात. आणि मित्रांनो, मी पत्रे टाइप करणाऱ्यांच्या टेबलावरचा साधा माऊस नव्हे हं. मी खेळाचा माऊस, तोही बिनतारी. कॉम्प्युटरमागे एक नखाएवढा रिसीव्हर खोचला की माझे काम सुरू होते.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. एका यंत्राने माझे डावे बटण हजारो वेळा दाबून पाहिले आणि मी एकदाही चुकलो नाही, एवढे मात्र आठवते. मग मला काट्यावर ठेवले. साठ ग्रॅम! सगळ्यांत हलका म्हणून माझे कौतुक झाले. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढले, पण वजन साठच राहिले.

पुढे मी फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या एका दुकानात काचेमागे जाऊन बसलो. माझ्या डोक्यावर एका विजेत्या खेळाडूचे चित्र होते आणि त्याच्या हातात माझाच भाऊ होता. एके दिवशी डिसेंबरचा बोनस खिशात घालून जोव्हानी आला. चोवीस वर्षांचा, उंचापुरा, भाताच्या गिरणीत पोती उचलणारा गडी. त्याने चित्राकडे पाहिले आणि माझ्याकडे बोट दाखवले.

"तोतो, बाळा, एकदा हातात धरून तर बघ," दुकानदार म्हणाला. "आणखी दोन-तीन आकारांचे आहेत माझ्याकडे."

"धरून काय बघायचं? चॅम्पियन लोक हाच वापरतात. बांधा."

खरे सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बोलता आले असते तरी मी त्या वेळी गप्पच बसलो असतो.

जोव्हानीचे घर शहराजवळच्या पाव्हिया गावात. संध्याकाळी गिरणीतून आला की तो खेळायला बसे. पाच जणांविरुद्ध पाच जणांचा नेमबाजीचा खेळ. त्याच्या संघातले सगळे रविवारी आपापले माऊस घेऊन लेलानीच्या घरी जमत. लेलानी औषधांच्या दुकानात काम करायची. हाडापेराने बारीक, पण नेम असा की समोरच्यांनी धसका घ्यावा. तिच्याकडे तिच्या वडिलांचा रुंद, पाठीला फुगलेला माऊस होता. माझ्या जवळजवळ दुप्पट जड. सगळे त्याला भोपळा म्हणत.

"तुझ्या या पिटुकल्याला तार नाही. ऐन वेळी मागे पडेल बघ," असे टोमणे पहिल्या रविवारी खूप झाले. मी मागे पडलो नाही. टोमणे बंद झाले आणि मी सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मिरवू लागलो.

पण दोन-तीन महिन्यांत जोव्हानीच्या अंगठ्याखाली कळ येऊ लागली. मग बोटे थरथरू लागली. कारण मला ठाऊक होते. त्याचा पंजा फावड्याएवढा आणि मी मुठीत हरवेन इतका. त्याचा तळहात माझ्यावर टेकतच नसे. तो हवेत लटकायचा आणि पाच बोटे तासन् तास माझ्या कडांना चिमटे काढून धरायची. दिवसभर पोती उचललेला तो हात किती सोसणार?

त्याच्या आईला, नानाय पेर्लाला, कारण वेगळेच वाटले.

"खेळून उठलास आणि लगेच हात धुतलेस ना? खरं बोल!"

"नानाय, हात चिकट झाले होते."

"मग झाला पास्मा! तापलेल्या हातावर गार पाणी घेतलं की नसा आखडतात, कळा येतात, थरथर सुटते. तुझ्या बापालाही सांगून सांगून थकले मी. तुम्हा बापलेकांना माझं ऐकायचंच नसतं."

लगेच तांदळाचे धुवण गरम झाले, त्यात मीठ आणि आले पडले आणि जोव्हानीचा हात त्यात बुडाला. शिवाय सक्त ताकीद मिळाली, की खेळल्यावर हात धुवायचे नाहीत. हा गृहस्थ खेळता खेळता साखरेत तळलेली केळी खायचा. आता हात धुणेच बंद! आठ दिवसांत माझे चाक साखरेने अडकले आणि पाठीवर बोटांचे ठसे चिकटून बसले. पास्मा त्याला झाला असेल-नसेल, माझी मात्र पार दशा झाली.

थरथर थांबेना. गावच्या फिएस्ताच्या, म्हणजे वार्षिक सणाच्या दिवशी आमच्या खेळाच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. सणाला दहा-बारा दिवस उरले तेव्हा नानाय पेर्लाने जोव्हानीला समोर बसवले.

"त्या दिवशी सामना झाला की मी तुझा हात बघणार. थरथरताना दिसला, तर तो कॉम्प्युटर मी विकून टाकेन. याच हाताने पोती उचलतोस तू. खेळापायी तो जाऊ द्यायचा?"

ती काही चूक बोलत नव्हती. त्या संध्याकाळी जोव्हानीचे बोट माझ्या बटणावर कापत होते. या वेळी ते भीतीनेही कापत होते, हे मला कळले. मला फार वाईट वाटले. ज्याने एवढ्या हौसेने आणले, त्यालाच मी दुखवत होतो.

त्या रविवारी लेलानीच्या घरी मानांग गेर्ली आली. मानांग म्हणजे ताई; ती जोव्हानीची थोरली बहीण. फिएस्ताच्या मिरवणुकीत मुली जे झगे घालतात ते ती शिवते. लेलानीच्या झग्याचे माप घ्यायला आली होती, पण भावाकडे बघून दारातच थांबली.

"खेकड्यासारखी बोटं का वाकवून बसलायस रे?"

"चॅम्पियन असंच धरतात."

"त्यांचे हात बघितलेस? इकडे दे पंजा."

गळ्यातली टेप काढून तिने मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माप घेतले. एकवीस सेंटिमीटर! मग मला मोजले. माझी लांबी जेमतेम साडेअकरा, आणि अंगानेही मी काडीच.

"हा झगा असता ना, तर गिऱ्हाइकानं माझ्या तोंडावर फेकला असता. अरे, चड्डी घेतानासुद्धा माणूस कमरेला लावून बघतो!"

सगळे खो-खो हसले. लेलानी मात्र हळूच हात पुढे करून म्हणाली, "मानांग, माझाही मोजता का? या भोपळ्यानं माझं मनगट रोज ठणकतं."

तिचा हात भरला सोळा. इतके दिवस तिने कुणाला काही सांगितले नव्हते आणि कुणी विचारलेही नव्हते. आता हसणे थांबले.

"अदलाबदल करा," गेर्ली म्हणाली. "आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने दोघांनीही उठून हात मोकळे करायचे."

"भोपळा घेऊन फायनल खेळू? लोक दात काढतील."

"काढू देत. दुखतोय तो हात तुझा आहे."

जोव्हानी बराच वेळ मला मुठीत धरून बसला. हौसेची वस्तू सोडवत नाही, मित्रांनो. मी मनात म्हणत होतो, सोड बाबा, सोड मला. शेवटी त्याने मला लेलानीपुढे ठेवले आणि भोपळा ओढून घेतला.

लेलानीने आधी हात धुतले, मग मला बंद करून किंचित ओल्या फडक्याने पुसले. चाकातली साखर तिने टूथपिकने कोरून काढली. मग तिचा तळहात माझ्या पाठीवर अलगद टेकला. पहिल्यांदाच कुणी माझ्यावर असे विसावले होते. हलकेपणाचा मला एवढा गर्व, पण त्याचा खरा उपयोग मला तेव्हा कळला.

फिएस्ताच्या दुपारी बास्केटबॉलच्या मैदानावर, पत्र्याच्या छपराखाली टेबले लागली. भोपळा पाहून समोरचा संघ हसलाच. सामना बरोबरीत आला आणि शेवटची फेरी उरली. आमचे एकेक गडी बाद होत गेले, लेलानीही बाद झाली. आता एकटा जोव्हानी आणि समोर दोघे! मला करण्यासारखे काही उरले नव्हते. मी शेजारच्या टेबलावरून नुसता त्याचा हात बघत होतो. तो भोपळ्यावर सैल, निवांत पसरला होता. एक टिपला. श्वास घेतला. दुसराही टिपला!

मैदान दणाणले. माझ्या एकाही नेमाने मला इतका आनंद दिला नव्हता, आणि हा नेम तर माझा नव्हताच.

खुर्च्या बाजूला सारत नानाय पेर्ला आली. जोव्हानीने उठून आशीर्वादासाठी तिचा हात आपल्या कपाळाला लावला. पण तिने त्याचा हात सोडला नाही. उलटा करून आपल्या तळव्यावर ठेवला आणि टक लावून बघत राहिली. भोवती नुसता गोंगाट चालला होता.

"थरथरत नाहीये रे," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. मग रुमालबिमाल न शोधता तिने ते मनगटानेच पुसले आणि शेजारणीला ओरडून सांगितले, "बघितलंस? मीठ-आल्याचं पाणी!"

गेर्लीने तोंड उघडले आणि आईकडे बघून पुन्हा मिटले. गरम पाण्याचाही थोडा वाटा असेल म्हणा. मी काही डॉक्टर नाही.

आता माझा रंग उडाला आहे आणि बॅटरी लवकर दमते, पण लेलानी मला सोडत नाही. मित्रांनो, माझ्यासारखा कुणी घ्यायला जाल तेव्हा माझा वेग विचारा, वजन विचारा, पण आधी तुमच्या हाताला विचारा. तळहात टेकतो का, बोटे सैल राहतात का, ते पाहा. दुखले तर लपवू नका. मला पुसून ठेवलेत तर मी बरीच वर्षे टिकेन. पण खेळून उठताना एकदा आपला हात समोर धरून बघा. तो स्थिर असेल, तरच मी माझे काम नीट केले असे समजा.