खालच्या कोपऱ्यातली शंका

मित्रांनो, काल तुमच्यापैकी एकीने ओले फडके घेऊन माझा खालचा उजवा कोपरा बराच वेळ घासला. तिथली काळी ओळ काही निघाली नाही. ती हिरमुसून घरी गेली आणि तेव्हापासून मला चुकल्यासारखे वाटते आहे. वाटले, एकदा सांगून टाकावे. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. मी एक जुना पांढरा फळा आहे. आजवर दुसऱ्यांचे लिहिलेलेच अंगावर वागवले. स्वतःचे असे काही बोलायची ही पहिलीच वेळ.

कारखान्यात माझ्या पत्र्यावर पांढरा लेप चढला तेव्हा मला वाटले होते, आपण धुके आहोत. दुपारी खिडकीतून ऊन आले की अजूनही तसेच वाटते. माझ्याकडे जरा तिरपे पाहा. समोरून मी कोरा दिसतो. पण तिरपे पाहिलेत तर पुसलेल्या अक्षरांच्या सावल्या दिसतील. बाण, चौकोन, अर्धवट राहिलेले शब्द. तळ्यात टाकलेले खडे तळाशी राहतात ना, तसे ते माझ्यात पडून आहेत.

तुम्हा मुलांच्या या वाचनालयात येण्यापूर्वी मी एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात होतो. तिथे रोज सकाळी दहा मिनिटे सगळे माझ्यासमोर उभे राहून कामाचे बोलत. बसायचे नाही, कारण बसले की बोलणे लांबते. त्यांची प्रमुख होती ताई. तिच्याहून मोठी माणसेही तिला ताईच म्हणत. तिने एक नियम केला होता. माझा खालचा उजवा कोपरा शंकेचा. ज्याला कामाविषयी शंका असेल त्याने ती तिथे लिहायची आणि समाधान झाले की त्यानेच पुसायची. इतर कुणी, अगदी ताईनेही, तिला हात लावायचा नाही. आणि शंका फिटेपर्यंत काम बाहेर पाठवायचे नाही.

त्या कोपऱ्यात सर्वांत जास्त लिही तो प्रोग्राम तपासणारा माणूस. वाकून, बारीक अक्षरात लिही, मग गुन्हा केल्यासारखा मागे सरे आणि चष्मा पुसत बसे. सगळे त्याला शंकासुर म्हणत. हे नाव ठेवले होते घोडेस्वाराने. घोडेस्वार हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांत सर्वांत हुशार. पण सदा घोड्यावर बसून आल्यासारखा, म्हणून त्याचेही हे नाव पडलेले.

त्या वर्षी ते एका रक्तपेढीसाठी प्रोग्राम करत होते. रक्ताच्या किती पिशव्या शिल्लक आहेत हे प्रत्येक रुग्णालयाला पडद्यावर दिसावे आणि बटण दाबताच हवी ती पिशवी राखून ठेवली जावी, असे ते काम. शुक्रवारी प्रोग्राम सुरू व्हायचा होता. बुधवारी सकाळी शंकासुराने कोपऱ्यात लिहिले, ‘एकच पिशवी दोघांनी एकाच क्षणी मागितली तर?’

“एकाच क्षणी?” घोडेस्वार हसला. “अरे शंकासुरा, दोन डॉक्टर काय मुहूर्त काढून बटण दाबणार आहेत?”

तरी ताईने त्या दोघांना दोन कॉम्प्युटरांपुढे बसवले. एक, दोन, तीन म्हणून एकदम बटण दाबायचे. चाळीस वेळा दाबले. चाळीसही वेळा पिशवी एकालाच मिळाली.

“झालं समाधान?” घोडेस्वाराने विचारले.

“नाही म्हणजे… माणसाचं बोट थोडं पुढंमागं होतंच की.”

“मग आता देवाला बसवू का बटण दाबायला?”

सगळे हसले. शंकासुरही कसनुसा हसला.

गुरुवारी सकाळी मोठे साहेब स्वतः खाली आले. “ताई, तिकडे लोक रक्तासाठी वणवण करताहेत आणि तुमचं गाडं एका ओळीवर अडलंय?” ते खोटे बोलत नव्हते. रक्तपेढीत अजून वहीवर आणि फोनवरच काम चाले. फोन लागेपर्यंत आणि पाने उलटेपर्यंत कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असे.

ताई काही बोलण्याआधीच शंकासुर पुढे झाला. “मीच पुसतो,” तो म्हणाला. “माझंच काहीतरी चुकत असेल.”

त्याने डस्टर फिरवला. ओळ निघेना. पाण्याचा हात लावून पाहिला, तरी निघेना. बुधवारच्या गडबडीत त्याने माझ्या पेनाऐवजी खोक्यांवर पत्ते लिहायचा पक्क्या शाईचा पेन उचलला होता.

“घ्या! फळासुद्धा ह्याचं ऐकत नाही,” घोडेस्वार म्हणाला.

खरे सांगतो, मी काही केले नव्हते. शाईच पक्की होती. पण मला वाटले, आपण ती ओळ मुठीत घट्ट धरली आहे. मला मूठ नाही, हे तेव्हा आठवलेच नाही. स्वप्नात होते तसे.

ताई हसली नव्हती. “शंका फिटली का तुमची?” तिने विचारले.

“फिटली नाही. पण माझ्यामुळे सगळे खोळंबलेत.”

“मग पुसू नका.”

दुपारी ती एकटीच माझ्यासमोर आली. माझ्यात तिचे पुसटसे प्रतिबिंब पडले होते. तिने मधोमध एक रेघ ओढली. एका बाजूला लिहिले, ‘थांबलो तर’. दुसऱ्या बाजूला, ‘पाठवले तर’. बराच वेळ ती पेन हातात धरून उभी होती. मग दोन्हींखाली तिने एकच लिहिले, ‘एखादा माणूस’. आणि तळहातानेच सगळे पुसून टाकले. मित्रांनो, ते दोन शब्द आजही माझ्या तळाशी आहेत.

चार वाजता तिने सगळ्यांना बोलावले. मोठे साहेबही होते. “कोण बरोबर, मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “पण बुधवारपर्यंत थांबायचं. आणि आपल्या थांबण्याचा भार तिकडच्या लोकांवर टाकायचा नाही. दोघांनी रक्तपेढीत जाऊन त्यांच्याबरोबर फोनवर बसायचं.”

“आणि ह्यातून काहीच निघालं नाही तर?” मोठ्या साहेबांनी विचारले.

“तर चूक माझी.”

मग घोडेस्वार म्हणाला, “मी जातो. तिथे निदान शंकासुर तरी नसेल.”

सोमवारी सकाळी तो परत आला. पहिल्यांदाच तो सावकाश चालत आला आणि त्या ओळीसमोर उभा राहिला.

“तिथे वही सांभाळणाऱ्या एक मावशी आहेत,” तो म्हणाला. “शनिवारी दोन फोन एकदम वाजले. एका रक्तगटाची एकच पिशवी उरलेली, आणि दोघांनाही तीच हवी. मावशींनी वहीतल्या नंबरावर बोट ठेवलं. एकाला हो म्हणाल्या, दुसऱ्याला म्हणाल्या, ‘थांबा हं, दुसरीकडे विचारते.’ नाव लिहून होईपर्यंत बोट उचललं नाही.” तो शंकासुराकडे वळला. “पिशवी आहे हे पाहणं आणि ती राखणं, ह्यांच्या मधे आपल्या प्रोग्रामला ते बोटच नाहीये रे.”

शंकासुराने चष्मा पुसला. “मग… ठेवूया का बोट?” एवढेच तो म्हणाला.

दोन दिवस दोघे खुर्चीला खुर्ची लावून बसले. त्या नव्या भागाला त्यांनी ‘मावशींचं बोट’ असेच नाव दिले. बुधवारी प्रोग्राम सुरू झाला आणि मी तिथे होतो तोवर एकही पिशवी दोघांना दिली गेली नाही. पण जे घडलेच नाही, त्याचे कौतुक कोण करणार? मोठ्या साहेबांच्या लक्षात झालेला उशीर तेवढा राहिला. पुढच्या वर्षी ताईच्या जागी दुसरे कुणी आले. जायच्या दिवशी ती त्या ओळीवर एक बोट ठेवून क्षणभर उभी राहिली.

नंतर कोपऱ्याचा नियम हळूहळू विरला. मोठा चकचकीत पडदा आला, आणि मी मोडक्या खुर्च्यांमागे भिंतीकडे तोंड करून कित्येक वर्षे उभा होतो. धुळीत पुसलेले शब्द एकमेकांत मिसळून जात. ही ओळ मात्र वेगळी राही.

एक दिवस निवृत्त होणाऱ्या एका माणसाला ऑफिसातल्यांनी विचारले, आठवण म्हणून काय हवे? त्याने मला मागितले. तुम्हाला पुस्तके देणारे, बोलताना चष्मा पुसत राहणारे आजोबा, तेच आमचे शंकासुर. स्पिरिटच्या एका बोळ्याने ही ओळ निघेल, आणि बाटली त्यांच्याच खणात आहे. ती पुसण्याचा हक्कही त्यांचाच. पण अजून त्यांनी पुसलेली नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी ताई व्हाल, कुणी घोडेस्वार. फार काही मागत नाही. फडके उचलण्याआधी ओळ एकदा वाचा. ती लिहून कुणी तरी गुन्हा केल्यासारखे मागे सरले असेल. बाकी मी सगळा तुमचाच आहे. हवी तेवढी चित्रे काढा, पुसा, पुन्हा काढा. आणि कधी मनात काही खुपले, तर खालच्या कोपऱ्यात, त्या ओळीच्या शेजारी, अजून एका ओळीपुरती जागा आहे.