सतरा नंबरचा खांदा

आमची रिपोर्ट लिहायची खोली तळघरात आहे. खिडकी नाही, दिवे मंद, आणि छत इतकं खाली की उंच माणूस आत येताना उगाच मान लववतो. तेवीस वर्षं तिथे बसून मी लोकांचे खांदे बघते आहे. मी लिहिलं म्हणजे दगडावरची रेघ, असा माझा समज होता.

त्यामुळे नव्या सहकारी डॉक्टरणीने चाळीस जुने एमआरआय नावं झाकून समोर ठेवले, तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"परीक्षा घेतेस माझी?"

"माझीही घेतेय, मॅडम. आपणच पूर्वी केलेले रिपोर्ट आहेत. पुन्हा वाचायचे आणि जुन्याशी ताडायचे. फक्त या वेळी नेहमीच्या कापापेक्षा थोडं आत सरकूनही बघू या."

खांद्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, तुटली की तो स्नायू बसून बसून चरबी धरतो. किती, त्याला आम्ही शून्य ते चार आकडा देतो. दोन म्हणजे अजून स्नायू जास्त. तीन म्हणजे निम्मं-निम्मं. आमचा सर्जन, ज्याला आम्ही त्याच्या पाठीमागे 'सुतार' म्हणतो, दोनपर्यंत शिवतो आणि तीन दिसलं की नको म्हणतो. एमआरआय खांदा पावासारखा काप-काप करून दाखवतो; आकडा द्यायचा त्यातल्या एका ठरलेल्या कापावरून, जिथे खांद्यामागचं हाड वाय अक्षरासारखं दिसतं. मी तसं शिकले आणि पुढे तसंच शिकवलं.

आठवड्याने तिने तक्ता आणला. चाळीसपैकी अकरा ठिकाणी माझं माझ्याशीच पटत नव्हतं. खांदे तेच, डोळे तेच, आणि उत्तर वेगळं. तिची स्वतःची नऊ निघाली होती. ती आधी सांगून तिने माझी लाज राखली.

"त्यातल्या दहा जणांचा उपचार बदलत नाही," ती म्हणाली. "सतरा नंबर बघा."

नाव उघडलं. छताला गिलावा करणारा गवंडी, वय एक्कावन्न, उजवा खांदा. चार महिन्यांपूर्वी मी तीन लिहिलं होतं आणि त्यावरून सुताराने शस्त्रक्रिया नाकारली होती. आता मीच दोन दिले होते.

आम्ही तो खांदा काप-काप करून पुन्हा पाहिला. तुटलेली कंडरा आत ओढली गेली होती आणि जाताना स्नायूला सोबत घेऊन गेली होती. ठरलेल्या कापावर नुसतं चरबीचं टोक उरलं होतं. खरा स्नायू तिथून दोन बोटं आत, बऱ्यापैकी शाबूत. मी माणूस निघून गेलेल्या खोलीत डोकावून घर ओसाड आहे असं लिहिलं होतं. मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि पुढचे दोन तास माझ्याशी कुणी बोललं नाही हे बरंच झालं.

मग मी सुताराला फोन केला.

"टाका धरेल का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. तीनच्या जवळचा दोन आहे. पण धरणारच नाही असं जे मी लिहिलं, ते चूक होतं."

"बोलवा त्याला," तो म्हणाला. "पण चूक तुम्हीच सांगा, मला नाही जमणार."

गवंडी बायकोला घेऊन आला. उजवा हात डाव्या हाताने सांभाळत खुर्चीवर बसला. मी पडद्यावर दोन्ही काप दाखवले आणि माझं चुकलं असं सरळ सांगून टाकलं.

बायकोचा चेहरा उतरला. "गिलाव्याची थापी माझ्या भावाला देऊन टाकली यांनी. म्हणाले, आता काय उपयोग."

गवंडी मात्र पडद्याकडेच बघत होता. "म्हणजे तुम्ही एकाच जागी ठोकून बघितलं," तो म्हणाला. "आम्ही गिलावा असा तपासत नाही, मॅडम. हातभर सरकत सगळीकडे ठोकतो. एका जागी पोकळ वाजला म्हणून कुणी सगळं छत पाडत नाही."

"यापुढे ठोकेन," मी म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. दुपारी सुताराचा फोन आला. कंडरा ओढून जागेवर आली होती आणि टाका धरला होता. माझा जीव भांड्यात पडला. पण धरलेला टाका वेगळा आणि उचलला जाणारा हात वेगळा, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आता आमच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये आतल्या कापांचीही एक ओळ असते, आणि काठावरचा आकडा आम्ही दोघी वेगवेगळा वाचतो.

आठ महिन्यांनी दोघं नवरा-बायको पुन्हा तळघरात आले. गवंड्याने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. उजवा हात सावकाश उचलला, खांद्याच्या वर, कानाच्या वर, आणि बोटांच्या पेरांनी आमच्या छतावर टकटक केली. हातभर सरकून पुन्हा केली. कान देऊन ऐकलं.

"इथे पोकळ आहे," तो म्हणाला. "पण एवढंच. बाकी पक्कं आहे."

माझे डोळे भरून आले, आणि दिवे मंद असल्याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

"मग कधी येताय दुरुस्तीला?" मी विचारलं.

"सोमवारी येतील," बायकोच म्हणाली. "थापी कालच परत आणलीय भावाकडून."