अक्षता पडल्यावरचा पिक्चर

माझ्या बोलण्यात बारा आणे थापा असत्यात, हे आमच्या आख्ख्या बोरी गावाला ठावं हाय. पण त्या वक्ताला मी भ्याले ते सोळा आणे खरं.

माझी धाकली जाऊ सरजा. तिच्या पोटात गाठ निघाली. परभणीचा डॉक्टर म्हणला, "लवकर काढा, न्हाईतर आतल्या आत फुटंल." ही बया ऐकंल तर शप्पथ. "मरंन, पण पोट चिरू देणार न्हाई." तिचा पोरगा परमेश्वर पाया पडून दमला. शेवटी बाई तयार झाली, पण एक हट्ट धरून. आमी दोघी नव्या नवऱ्या असताना जत्रंच्या तंबूत एक काळा-पांढरा पिक्चर पाहिला व्हता, त्यो तिला पुन्हा बघायचा.

"त्यातल्या पोरीचं लगीन डोळे भरून बघते, मंग खुशाल न्या मला."

हिंदी पिक्चर व्हता. टेसन मास्तरची पोरगी न् पूल बांधायला आलेला इंजिनेर. गाणी, रडारड, बापाचा राग, न् शेवटी लगीन. संपला. आमच्या बोरीत तरी तिथंच संपायचा.

सरजाची नात वैष्णवी, तिनं त्यो मोबाईलवर हुडकला. दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीला निघायचं व्हतं. दुपारी पोरगी माझ्या चुलीपाशी आली, तोंड पांढरंफटक.

"मोठी आजी, लग्नानंतर अजून लय पिक्चर हाय."

"काय सांगतीस?"

"मी पुढं जाऊन बघितला. तिला दवाखान्यात नेत्यात. पोटाचं ऑपरेशन. हातातल्या बांगड्या काढून ठिवती, न् वापस येतच न्हाई."

माझी भाकर तव्यावरच जळाली. सरजानं हे पाहिलं तर उद्या गाडीत पाय ठिवणार न्हाई. न् ती गाठ काय कुणासाठी थांबणार हाय का?

मंग डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं अक्षता पडल्या की माणूस बसत न्हाई, पंगतीला पळतंय. तंबूतबी तेच. पडद्यावर लगीन लागायचं, आमी बाया घरून आणलेल्या पिवळ्या ज्वारीच्या अक्षता पडद्यावर टाकायचो, न् समदा तंबू उठून चालायला लागायचा. मशीनवाला रिकाम्या तंबूत कुणासाठी चालवंल? बंद करायचा. आख्खं गाव लगीन उरकून आलं, न् त्या बाईचं पुढं काय झालं कुणालाच ठावं न्हाई.

"तू गप बस," मी वैष्णवीला म्हणलं. "अक्षता पडल्या की मी मोबाईल उचलते."

तांब्याला टेकवून मोबाईल खाटंवर ठिवला. सरजा मांडी घालून बसली, मुठीत ज्वारी. चेहरा नव्या नवरीवानी फुललेला. पडद्यावरची ती हसायली, लाजायली, न् मला नुसत्या तिच्या बांगड्या दिसायल्या. सरजाच्याबी हातात भरून हिरव्या बांगड्या. तिचे मालक, आमचे माणिकराव भाऊजी, अजून ठणठणीत हायत.

लगीन जवळ यायलं तशी मी थाप सुरू केली.

"सरजे, अक्षता पडल्यावर बसू न्हाई बरं का. चुडावा गावचा एक जण तंबूत बसून राहिला. ती नवरी पडद्यातून खाली उतरली."

"उतरली?"

"उतरली की! म्हणली, मला रंग दे. न् त्याच्या अंगावरचा समदा रंग पिऊन टाकला. लाल पटका पांढरा झाला. जीभ राखंवानी. घरी गेला तर बायको ओळखंना. हात लावंल ते बेरंग. हिरवी तूर गेली, पिवळी हळद गेली. मंग त्यो गोठ्यात शिरला, न् म्हशीला हात लावला..."

"म्हस तर काळीच असती की, आक्का."

"तेच तर! ऐक..."

तेवढ्यात सनई वाजली. सरजानं ज्वारी उधळली. मी मोबाईलवर झडप घातली, न् माझं बोट कुठं लागलं देव जाणे, पिक्चर टुणकन पुढं. पांढरी खोली, पांढरी खाट. ती बाई एकेक बांगडी काढायली.

"बंद कर गं वैष्णवे!"

"राहू दे," सरजा म्हणली.

ती शेवटपर्यंत बघत बसली. बाई गेली. मागं नुसत्या बांगड्या राहिल्या. मोबाईल काळा पडला.

"खोटं असतंय ते, सरजे. त्या बाईला पुढं चार लेकरं झाली, मला टेसन मास्तरनं..."

"गप गं आक्का." ती खाटंवरची ज्वारी वेचायली व्हती, दाणा दाणा. "तिच्या दवाखान्यात बाहेर बाकड्यावर कुणीच न्हवतं. पाहिलंस का?"

मीबी वाकून दाणे वेचायले.

"आपणबी उठून गेलतो की. एवढ्या बाया, अक्षता टाकल्या न् चालत्या झालो. एकटीच मेली बिचारी."



सरजानं हाताला साबण लावला न् बांगड्या काढायला बसली. एकबी फुटू दिली न्हाई. माझ्या पदराला बांधल्या न् गाठ मारली.

"मी येते उद्या. पण तू बाकड्यावरून उठू नको."

"न्हाई उठत."

"न् म्हशीचं वापस आल्यावर सांग."

परभणीला तिला आत नेलं न् दार लागलं. मी बाकड्यावर. परमेश्वर म्हणला, "मोठी आई, चहा तरी घ्या, चला." न्हाई. पायाला मुंग्या आल्या. न्हाई उठले. माणिकराव भाऊजी भिंतीकडं तोंड करून उभे. मधीच पदरातल्या बांगड्या वाजायच्या. मी त्या मुठीत धरून ठिवायची. आत समदं पांढरं असणार, चादर पांढरी, माणसं पांढरी. माझीच थाप मला खायला उठली. माझ्या सरजाचा रंग कुणीतरी पियायलंय, असंच वाटायलं. डोळे मिटले तर राखंवानी जीभ दिसायची.

दार उघडलं. नर्सबाई बाहेर आली, कपाळाला आठ्या.

"सरजाबाईसोबत कोण हाय?"

मी हात वर केला.

"गाठ निघाली. बऱ्या हायत. पण गुंगी उतरली न्हाई वाटतं. सारखं विचारायल्यात, म्हशीचं काय झालं, म्हशीचं काय झालं. कुणाची म्हस?"

तवा मी उठले.

"माझी," म्हणलं, न् पदराची गाठ सोडत आत निघाले. आता पंचाईत एवढीच की त्या म्हशीचं काय झालं, ते मलाबी अजून ठावं न्हाई.