बिननावाच्या चिठ्ठ्यांची पेटी

मी प्रश्नपेटी. माझं तोंड फक्त गिळण्यासाठी केलेलं आहे. तरी आज बोलणार, कारण माझ्या नावावर एक धडधडीत खोटं खपवलं जात होतं.

जन्माने मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पेटी नंतर झाले. एका संशोधक ताईंनी माझ्या झाकणाला बोटभर फट पाडली, कुलूप लावलं आणि मला शाळेत आणलं. एचआयव्ही आणि लैंगिक आरोग्याबद्दल वयात येणाऱ्या मुलांना काय माहीत आहे, काय नाही, हे त्या शोधत होत्या. मुलांनी नाव न लिहिता प्रश्न टाकायचे, महिन्याने ताईंनी कुलूप उघडायचं आणि वर्ग घेऊन उत्तरं द्यायची. साधं काम.

पण मुख्याध्यापकांना बिननावाचा कागद बघवत नाही. त्यांनी मला स्वतःच्या टेबलावर बसवलं आणि फर्मान काढलं: चिठ्ठीवर नाव, तुकडी, हजेरी क्रमांक!

महिनाभर मी उपाशी नव्हते, पण जे खाल्लं त्याला चव नव्हती. ‘शंका नाही.’ ‘शंका नाही.’ एकाने लिहिलं, ‘सर हा विषय छान शिकवतात.’ सर हा विषय शिकवतच नाहीत!

नववीतली एक मुलगी, मैत्रिणी तिला भिंगरी म्हणतात, तीनदा दाराशी आली. मुठीत घडी केलेला कागद. सरांनी चष्म्यावरून पाहिलं की "खडू हवा होता" म्हणायची आणि खडू घेऊन पळायची. वर्गात खडूंचा ढीग झाला. कागद मुठीतच राहिला.

ताई आल्या तेव्हा सरांचा अहवाल तयार होता: ‘विद्यार्थ्यांना कोणतीही शंका नाही. सबब सदर वर्गाची आवश्यकता नाही.’

ताई आधी हसल्या, मग भडकल्या.

"सर, नावं लिहायला कोणी सांगितलं?"

"शिस्त नको का, मॅडम? आमची मुलं चांगल्या घरची आहेत."

"चांगल्या घरच्या मुलांनाही शरीर असतं, सर. एक तास द्या. मग खुशाल बंद करा."

"दिला. पण मी वर्गात बसणार."

"बसा की! फक्त जो बसेल त्याने लिहायचं, हा आमचा नियम."

सर पुरते अडकले.

ताईंनी सगळ्यांना सारखे कागद, सारख्या पेन्सिली दिल्या. प्रश्न नसेल त्याने सातचा पाढा लिहायचा, म्हणजे कोण काय लिहितंय ते शेजाऱ्यालाही कळू नये. चाळीस पेन्सिली एकदम चालू लागल्या. एकेचाळिसावी मागच्या बाकावर बराच वेळ अडखळली, मग तीही चालली.

त्या दिवशी मी पोट फुटेस्तोवर जेवले. ताईंनी वर्गातल्या टेबलावरच मला उघडलं. पाढे निघाले फक्त सहा, बाकीच्या चिठ्ठ्या त्या मोठ्याने वाचून उत्तरं देऊ लागल्या.

"डास चावून एचआयव्ही होतो का? नाही. चेहऱ्यावरून ओळखता येतो का? नाही, तपासणीनेच कळतो. दुकानात कंडोम मागायची लाज वाटते, काय करू?"

"अरे देवा!" कोणीतरी म्हणालं आणि वर्ग खदखदला. ताईही हसल्या आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतात, हे नीट सांगितलं.

पुढची चिठ्ठी: "मुलगा मोठा झालाय. त्याच्याशी हे कसं बोलायचं?"

चाळीस माना हळूच मागे वळल्या. सर खिडकीबाहेरच्या झाडाची पानं मोजत होते.

"इकडे बघा," ताई म्हणाल्या आणि त्यालाही उत्तर दिलं.

शेवटची चिठ्ठी मळलेली, घड्या पडून पडून विरलेली. ताईंनी दिलेल्या कागदांपैकी नव्हेच. ‘मामाला एचआयव्ही आहे. मी चुकून त्याच्या कपातून प्यायले. मी मरणार का?’ ताईंनी ‘मामा’ हा शब्द गिळला.

"कोणी विचारलंय, घरातल्या माणसाच्या कपातून प्यायलं तर? काही होत नाही. कपाने नाही, ताटाने नाही, मिठीनेही नाही. रोज औषध घेतलं तर तो माणूस म्हातारा होईपर्यंत जगेल. त्याचा कप वेगळा ठेवत असाल, तर आजपासून ठेवू नका."

भिंगरीने मान खाली घातली. महिनाभर कोंडलेला श्वास सुटला, तो मला टेबलावर ऐकू आला.

सरांनी अहवाल फाडला नाही. ते कागद फाडणाऱ्यांतले नव्हेत. सही न करता खणात सारला. मला मात्र स्वतः उचलून जिन्याखाली, पाण्याच्या नळांपाशी ठेवलं.

मुलांना शंकाच नाहीत असं छातीठोकपणे सांगणाऱ्या मोठ्यांनो, सांगण्याआधी क्षणभर टेबलामागून उठा. बाकीचं आम्ही बघून घेऊ.

थांबा, आठवीतलं कोणीतरी येतंय. नळाकडे बघत, पण तहान लागलेली दिसत नाही. गप्प बसते आता.